रंगभूषेचं पहिलं बक्षीस

माझी भाची गेल्या वर्षी फेब्रुवारीत सिल्वासाला आली ती तीन गोष्टी घेऊन: एक भली मोठी सॅक, एक रेकॉर्डर आणि माझ्या सहीसाठी चार पानी संमतिपत्र. वापी स्टेशनवरून रिक्षानं आली, चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्यायली आणि ते कागद माझ्यापुढे ठेवले. या पोरीला मी न्हाऊमाखू घातलेलं आहे. तेव्हा तिनं माझी संमती घेतली नव्हती आणि मी तिची. आता मात्र मी तिच्या प्रबंधातली 'सहभागी व्यक्ती' होते आणि कोणत्याही क्षणी, कारण न देता, त्यातून बाहेर पडण्याचा मला अधिकार होता. मी विचारलं, मावशीपणातून बाहेर पडायची काही सोय आहे का. ती हसली नाही. नातेवाइकांकडून माहिती घेताना अंतर राखावं, असं तिच्या गाईडनं बजावून पाठवलं होतं.

ती नाट्यशास्त्रात एम.ए. करते. मीही केलं, तीसेक वर्षांपूर्वी. तिच्या प्रबंधाचा विषय औद्योगिक परिसरातली उपयोजित रंगभूमी असा काहीतरी होता, आणि ही रंगभूमी म्हणजे मी, असं तिनं मला गंभीरपणे सांगितलं. मी एका धाग्याच्या कारखान्यात ट्रेनिंग विभागात आहे. नव्या कामगारांना हेल्मेटचा पट्टा कसा लावायचा, आग लागली तर कुठल्या दारानं पळायचं हे शिकवते. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला की कामगारांचं वीस मिनिटांचं नाटुकलं बसवते. नवऱ्याला इकडे नोकरी लागली तेव्हा आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. माझ्या मुलाखतीत साहेबांनी शिक्षण विचारलं, मी नाट्यशास्त्र म्हटलं, आणि ते म्हणाले, वा, म्हणजे अॅन्युअल डेची काळजी मिटली. बॅचमधल्या कुणी विचारलं की मी 'इंडस्ट्रीत आहे' असं सांगायची आणि त्यांचा जो गैरसमज व्हायचा तो होऊ द्यायची. ही सवय पुढे मला बरीच नडली.

भाचीला आमच्या वेळच्या एम.ए.बद्दल ऐकायचं होतं. रेकॉर्डर लावून बसली. मी सांगितलं की आम्ही वर्गात नऊ जण होतो, त्यात मुली दोन. पहिल्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना एकच प्रश्न विचारला, शिवण येतं का. दुसरी चतुर होती, नाही म्हणाली. मी खरं बोलले आणि माझी दोन वर्षं कपडेपटाच्या पेट्यांमधले शेले, जॅकेटं आणि सुटलेली हुकं यांच्यात गेली. मी दिग्दर्शिका व्हायला गेले होते. बाविसाव्या वर्षी मला सगळ्या नाटकांत आईची कामं मिळाली, कारण नऊवारी मला स्वतःची स्वतः नेसता येत होती. सर वाईट नव्हते. त्यांच्या तरुणपणी विद्यापीठात हा विषयच नव्हता, ते एका फिरत्या कंपनीत शिकले होते. तिथे त्यांना पहिली दोन वर्षं नुसता पडदा ओढायला दिला होता आणि तो एकदा लवकर पडला म्हणून तिसरंही. आम्हाला फळा, खडू आणि पंखा मिळतो म्हणजे आम्ही लाडावलेले आहोत, असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि संहितेला हात लावायचा नाही. हा त्यांचा पहिला नियम आणि शेवटचाही. एकदा तालमीत माझ्या तोंडून एका शब्दाऐवजी दुसरा गेला, मला तो जास्त सोपा वाटला होता. सरांनी तालीम थांबवली आणि मला आठवडाभर शेवटच्या रांगेत बसवलं. लिहिलंय ते बोलायचं, का लिहिलंय ते विचारायचं नाही. मी शहाण्या मुलीसारखी ते शिकले.

भाचीचं एम.ए. ऐकताना मला हसू येई आणि हेवाही वाटे. हेवा जास्त. त्यांच्या वर्गात मुलीच अधिक आहेत आणि कुणालाही शिवण विचारलेलं नाही. गाईडला ते पहिल्या नावानं हाक मारतात. तालमीआधी गोल करून बसतात आणि आज आपल्याला कसं वाटतंय ते एकेक जण सांगतो. प्रसंग मारामारीचा असला तर आदल्या दिवशी सगळ्यांना पूर्वसूचना जाते. आम्हाला कसं वाटतंय हे सरांनी विचारलं असतं तर आम्हाला उत्तरच आलं नसतं. उलट तिनं प्रकाशयोजनेवर वीस पानं लिहिली आहेत आणि शिडीवर एकदाही चढलेली नाही. तिच्या कुर्त्याचं बटण तुटलं होतं ते मी लावून दिलं, तेव्हा तिनं माझ्या हाताकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, हे कौशल्य दस्तऐवजात यायला हवं. मी म्हटलं, आधी सुईत दोरा ओवून दे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

माझ्या सगळ्या नाटुकल्यांची फाईल तिनं दोन दिवसांत वाचून काढली, चार रंगांच्या पेनांनी. मग म्हणाली की सतरा संहितांमध्ये सतराही वेळा चूक कामगाराचीच आहे. मी म्हटलं, एच.आर.ची मंजुरी लागते. तिनं ते लिहून घेतलं. नंतर तिनं विचारलं की बोटं गमावलेल्या माणसाचं काम दर वर्षी एकच माणूस कसा करतो.

तो माणूस म्हणजे भाऊ. सगळा कारखाना त्यांना भाऊच म्हणतो. मूळचे शिरपूरकडचे, पंचवीसेक वर्षं नरोलीत भाड्याच्या खोलीत राहतात, पॅकिंगला असतात. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी ती वाइंडिंगच्या, म्हणजे धागा गुंडाळायच्या मशीनमध्ये गेली आणि भाऊंना पॅकिंगमध्ये हलवण्यात आलं. पहिल्या वर्षी मी नाटुकल्यासाठी माणसं गोळा करत होते तेव्हा अपघात झालेल्याचं काम करायला कुणी तयार होईना. अपशकुन नको, म्हणायचे. भाऊ आपणहून आले आणि म्हणाले, ते काम मी करतो. मला हायसं वाटलं. का करताय, हे मी विचारलं नाही.

प्रसंग साधा आहे. भाऊ हाताला पट्टी गुंडाळून येतात, पुढे येतात, पट्टी सोडतात, हात वर धरतात आणि मान खाली घालून म्हणतात, "गलती मेरी थी, साहब. मैंने ध्यान नहीं दिया." मग सुरक्षा अधिकाऱ्याचं काम करणारा नियम सांगतो आणि सगळे उभं राहून शपथ घेतात. नाटुकलं कारखान्याच्या हिंदीत असतं, कारण समोर बिहारपासून ओडिशापर्यंतची माणसं बसलेली असतात. ते वाक्य माझं. पहिल्याच वर्षी लिहिलं, एच.आर.नं त्याच्यापुढे बरोबरची खूण केली, आणि त्यानंतर मी त्याला हात लावला नाही. वाक्याआधी किती थांबायचं, मान कधी खाली घालायची, हेही मीच बसवून दिलं.

चौथ्या की पाचव्या वर्षी आसपासच्या कारखान्यांनी मिळून नाटुकल्यांची स्पर्धा ठेवली. परीक्षक बाहेरून आणले होते. निकाल सांगताना त्यांनी सांगितलं की अभिनय सगळ्यांचाच बेताचा होता, पण एका नाटुकल्यातली रंगभूषा पाहून ते थक्क झाले. जिवंत माणसाच्या हाताची दोन बोटं नाहीशी करायची हे भल्याभल्यांना जमत नाही. मग रंगभूषेच्या पहिल्या बक्षिसाची ढाल द्यायला त्यांनी माझं नाव पुकारलं. मी स्टेजकडे चालत गेले तेव्हा सांगून टाकायचं असंच मनात होतं. पण आमच्या तेव्हाच्या प्लांट हेडनी माझा हात जोरजोरात हलवला, फोटोवाला इकडे बघा म्हणाला, आणि सांगायची वेळ निघून गेली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरी गोष्ट वेगळी आहे. एम.ए.च्या प्रात्यक्षिकात मी कापूस, डिंक आणि लाल रंगाची एक चिरडलेल्या हाताची जखम तयार केली होती. परीक्षकांनी ती उलटसुलट करून पाहिली, 'ही जखम दुखत नाही' म्हणाले आणि मला जेमतेम पास केलं. आता कुणीतरी त्याच विषयात मला पहिलं काढलं होतं. ते मला सोडवेना.

भाऊ नंतर चहाच्या टेबलाशी भेटले. म्हणाले, मॅडम, मेकअप माझा अन् ढाल तुमची. हसत म्हणाले, म्हणून मीही हसले. ती ढाल रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात ठेवली आहे. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक नव्या साहेबांना ती दाखवली जाते. भाऊंचा हात कामगारांना माहीत होता, साहेबलोकांना माहीत नव्हता, आणि दोघांच्या मधे पगार घेऊन मी उभी होते.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच. मग म्हणाली, मला त्यांना भेटायचंय.

रविवारी भाऊंना सुट्टी असते. आम्ही दोघी सकाळी नरोलीला गेलो. एका ओळीत बारा खोल्या, बाहेर तारेवर सगळ्यांचे निळे युनिफॉर्म वाळत घातलेले. भाऊंच्या बायकोनं आम्हाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला लावला, मगच बोलू दिलं. भाचीनं संमतिपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. रेशनच्या दुकानातले नियम ऐकावेत तसं भाऊंनी ते शांतपणे ऐकलं आणि अंगठा व तर्जनीत पेन धरून सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मग भाचीनं रेकॉर्डर लावला आणि विचारलं की अपघाताच्या दिवशी काय झालं होतं. इतका साधा प्रश्न होता तो. सतरा वर्षांत मी तो विचारला नव्हता.

भाऊंनी सांगितलं ते असं. वाइंडिंगला दोरा तुटला की मशीन बंद करायचं, पट्ट्यावरची जाळी उघडायची आणि मग हात घालायचा, असा नियम आहे. त्यात वेळ जातो. माल कमी निघत होता, म्हणून त्या वेळच्या सुपरवायझरनं जाळीच काढून भिंतीला टेकवून ठेवायला लावली. चालू मशीनमध्ये हात घालून दोरा जोडायचा. पट्टा उघडा आहे, हे भाऊंनी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. अपघाताच्या कागदावर कामगाराचं दुर्लक्ष असं लिहिलं गेलं आणि इस्पितळात त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा त्यावर उठवून घेतला.

मग हे काम तुम्ही का स्वीकारलं, भाचीनं विचारलं. भाऊ म्हणाले, "मला वाटलं, हात दाखवला म्हणजे समोरचा एखादा साहेब इचारंल, का रे, कसं झालं हे. दर साली वाट पाहिली. एकानंबी इचारलं नाही. एक साली तर बक्षीस देऊन मोकळे झाले."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, भाऊ, मला तरी सांगायचं होतंत. भाऊंनी उत्तर दिलं त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही तर लिहूनच आणलं व्हतं, मॅडम."

मी समोरची ताटं गोळा करायला लागले. रडायचा हक्क तिथे माझा नव्हता.

भाऊंना एकच गोष्ट हवी होती. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. कागदावर दुर्लक्ष लिहिलेलं आहे, ते तसंच मागे ठेवून त्यांना गावी जायचं नव्हतं. खरं काय झालं ते कुठंतरी, त्यांच्या नावानं, नोंदलं गेलं पाहिजे. ताई, पुस्तकात माझं नाव टाकशान ना, असं त्यांनी भाचीला विचारलं.

भाचीचा चेहरा पडला. तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. नाव देता येत नाही, कारखान्याचंही नाही, त्यांच्याच भल्यासाठी असा नियम आहे. प्रबंधात ते 'कामगार क्रमांक तीन' असतील. भाऊ म्हणाले की नंबर तर कंपनीनंही दिलेला आहे. सही मात्र नावाची घेतली, ती कशाला, हे त्यांना समजेना. भाचीनं संमतिपत्र पुन्हा चाळलं. भाऊंनी बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि विषय पावसापाण्यावर नेला.

परत येताना आम्ही दोघी भांडलो. नरोलीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस एकामागून एक जात होत्या, त्यामुळे आम्हाला ओरडूनच भांडावं लागलं. ती म्हणाली, तू सतरा वर्षं त्यांच्या तोंडात खोटं घातलंस. मी म्हटलं, आणि तू त्यांचं खरं काढून घेतलंस आणि नाव परत केलंस. ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. घरी येऊन तिनं विभागाच्या समितीला लांबलचक पत्र लिहिलं, या माणसाला स्वतःचं नाव हवं आहे, द्यायला परवानगी द्या. पाचव्या दिवशी उत्तर आलं. समितीला सहभागी व्यक्तीच्या भावनांचा आदर होता, आणि नाव देता येणार नव्हतं. शिवाय कारखान्याची लेखी परवानगी नसेल तर जाळीचा उल्लेखही वगळावा, असंही त्यात होतं. आमच्या सरांनी हेच दोन शब्दांत सांगितलं असतं, बस खाली.

इकडे मला त्या वर्षीची संहिता मंजुरीला द्यायची होती. दोन संध्याकाळी मी ती समोर घेऊन बसले. 'गलती मेरी थी' वर काट मारली, 'मशीन पर जाली नहीं थी' असं लिहिलं आणि पुन्हा खोडलं. मला भीती वाटली. माझी नोकरीची सात वर्षं उरली आहेत, नवरा पलीकडच्याच कंपनीत आहे, आणि इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. जुनंच वाक्य ठेवून मी कागद पाठवून दिले. शेवटच्या तालमीनंतर भाऊंना बाजूला घेतलं आणि सांगितलं की त्या दिवशी तुम्हाला वाटेल ते बोला, मी अडवणार नाही. हे सांगताना मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी संहिता मोकळी सोडत होते. घरी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे जोखीम त्यांची आणि तू विंगेत.

भाऊंनी फक्त मान डोलावली होती. त्यांनी मला एकच विचारलं, नवे साहेब मराठी आहेत का. मी म्हटलं, प्लांट हेड ना, नाशिकचे आहेत.

प्रयोग दुपारी अडीचला, शिफ्ट बदलायच्या वेळी, कॅन्टीनमध्ये झाला. लाकडी पॅलेट जोडून केलेलं स्टेज, मागे सुरक्षा सप्ताहाचा फलक, पुढे साहेबलोकांसाठी सोफे. भाचीला मागे उभं राहून पाहायची परवानगी मिळाली होती. सगळं नेहमीसारखं चाललं. लोक नेहमीच्या जागी हसले. भाऊ आले, पुढे आले, पट्टी सोडली, हात वर धरला. मी बसवून दिलेला थांबा त्यांनी घेतला. मान मात्र खाली घातली नाही.

त्यांनी आपलं नाव सांगितलं. कारखान्याच्या हिंदीत नाही, शिरपूरच्या मराठीत. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव, तालुका. मग खातं आणि मशीनचा नंबर. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्यांचे निवृत्तीचे कागद हे लिहीपर्यंत कुणाच्यातरी टेबलावर अडकून आहेत, हे त्याचं कारण. ते खरं कारण आहे, तरीही मला त्याची लाज वाटते.

"पट्ट्यावरची जाळी काढेल व्हती. मी दोन वेळा सांगेल व्हतं. चूक माझी नव्हती, साहेब."

एवढंच बोलले. पट्टी नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि बाजूला उभे राहिले. मागच्या बाकांवरचे कामगार एकमेकांकडे बघायला लागले. सोफ्यांवरून मात्र टाळ्या आल्या. मग सुरक्षा अधिकाऱ्याचं काम करणाऱ्यानं गोंधळून आपले नियम म्हटले आणि सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली.

चहाच्या वेळी प्लांट हेड वेफर्सची बशी घेऊन माझ्याकडे आले. सहा महिन्यांपूर्वीच आलेले, हसतमुख गृहस्थ. म्हणाले की या वेळचं लिखाण छान होतं, पात्राला नाव-गाव दिल्यामुळे ते अगदी खरं वाटलं. आणि तो हात. रिसेप्शनमधली ढाल त्यांनी पाहिली होती, आज कळलं की ती का मिळाली. त्यांनी मला विचारलं की हे करायला किती वेळ लागतो.

एच.आर.चे साहेब त्यांच्या मागे उभे राहून मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होते. माझं गप्प राहण्याचं शिक्षण चांगलं झालेलं आहे. पण भाऊ चार पावलांवर होते, डाव्या हातात चहा घेऊन, आणि माझ्याकडे बघतही नव्हते. मला वाटतं, मी काही बोलेन अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. ते मला फार लागलं.

"ते पात्राचं नाव नव्हतं, सर," मी म्हणाले. "ते त्यांचं नाव आहे. आणि त्या हाताला मी कधीच काही लावलेलं नाही."

साहेबांनी बशी खाली ठेवली. ते भाऊंकडे गेले. भाऊंनी हात पुढे केला आणि तो हलवायचा की पाहायचा हे साहेबांना क्षणभर समजलं नाही. मग त्यांनी मराठीत विचारलं की ते मशीन कोणतं. भाऊ म्हणाले, अजून आहे ना साहेब, मागच्या शेडमध्ये, रंग फक्त हिरवा दिला आहे. साहेब म्हणाले, दाखवा. एच.आर.चे साहेब म्हणाले की चहा होऊ द्या, मग जाऊ. साहेब निघाले होते.

आम्ही चौघं मागच्या शेडकडे गेलो. भाचीही धावत आली, पण तिच्या पायात सेफ्टी शूज नव्हते आणि परवानगी फक्त कॅन्टीनची होती. दारावरच्या माणसानं तिला थांबवलं. नियम त्याला मीच शिकवला होता. पुढे जे झालं ते त्यामुळे तिच्या प्रबंधात नाही.

हिरवं मशीन चालू होतं. त्याच्यावर सुरक्षा सप्ताहाचं नवं कोरं पोस्टर लावलेलं होतं. पट्टा उघडा फिरत होता. जाळी मागे भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यावर कुणीतरी हात पुसायचं फडकं वाळत घातलं होतं.

मशीनवर ओडिशाचा एक कामगार होता, तिशीचा. त्याला रुजू करून घेताना ट्रेनिंग मीच दिलं होतं आणि चार वर्षं तो माझं नाटुकलं पाहत आला होता. एवढी माणसं एकदम आलेली पाहून त्यानं घाईनं मशीन बंद केलं. साहेबांनी विचारलं की जाळी कुणी काढली. तो सुपरवायझरच्या केबिनकडे बघायला लागला, मग त्याची नजर माझ्यावर आली. तो सरळ उभा राहिला. थोडा थांबला. मान खाली घातली.

"गलती मेरी थी, साहब. मैंने ध्यान नहीं दिया."

थांबा तेवढाच होता. मान त्याच ठिकाणी खाली गेली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एच.आर.च्या साहेबांनी खिशातून पेन आणि कागद काढला आणि त्याला त्याचं नाव विचारलं.

भाऊ मधे गेले. त्यांनी तीन बोटांचा हात त्या कागदावर ठेवला आणि प्लांट हेडकडे बघितलं.

"त्याचं नाव मागून लिहा, साहेब. जाळी काढायला कोणी सांगितलं, ते पहिले इचारा त्याला."

साहेबांनी विचारलं. मशीन बंद होतं, त्यामुळे शेजारच्या मशीनवरच्या माणसांनाही तो प्रश्न नीट ऐकू आला.